कारणाचा रकाना

"अंडं कुणाच्या घरात असतं?" सरांनी विचारलं.

आठवीचा वर्ग, विज्ञानाचा तास. फळ्यावर दोन शब्द लिहिलेले होते, विसरण आणि परासरण. प्रयोग असा होता की अंड्याचं कवच ॲसिडमध्ये विरघळवायचं आणि आतला पातळ पडदा उघडा करायचा. मग ते अंडं साध्या पाण्यात ठेवलं की फुगतं, आणि साखरेच्या पाकात ठेवलं की आक्रसतं. सर माळकरी होते. ते अंड्याला हात लावणार नाहीत हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

वर्गात चाळीसएक पोरं होतो. निम्म्यांच्या दारात कोंबड्या. रविवारी कुणाच्या घरातून कसला वास येतो हे गावात कुणापासून लपत नाही. पण एकही हात वर झाला नाही. आधी पुढच्या बाकावरची मान वळली, मग तिच्या शेजारची, मग सगळ्या. सगळे माझ्याकडं बघत होते.

सर म्हणाले, "तू आण. तुमच्यात चालतंय."

तुमच्यात. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन सालानंतर धर्म बदलला. घरातले देव नेऊन कालव्यात सोडले, कालव्याकडंच्या आमच्या वस्तीचं नाव बदललं. गावानं मात्र 'तुमच्यात' हा शब्द जपून ठेवला होता. आमच्याकडं तर कोंबड्याही नव्हत्या. आईनं दोन अंडी विकत आणली, ती पुढच्या बाकावरच्या त्याच पोरीच्या घरातून.

प्रयोग मी केला. वर्गात नाही, बाहेर व्हरांड्यात. सर म्हणाले, आत वास नको. मी फरशीवर बसले होते आणि वर्ग खिडकीत उभा होता. ॲसिडमध्ये अंड्यावर बारीक बुडबुडे आले, कवच विरघळत गेलं आणि तळहातावर ते मऊ, थरथरतं अंडं आलं. मला फार आनंद झाला होता, ते लपवत नाही. साखरेच्या पाकाऐवजी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गुऱ्हाळावरून काकवी आणून दिली होती. एक अंडं पाण्यात, एक काकवीत. दुसऱ्या दिवशी पाण्यातलं टम्म फुगलेलं, काकवीतलं सुरकुतलेलं. सरांनी आतून निरीक्षण सांगितलं आणि सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी बाहेर होते, वही आत बाकावर होती. वही तपासताना सरांनी लाल शाईनं शेरा मारला, 'प्रयोग अपूर्ण'.

ज्या काचेच्या भांड्यात मी अंडं ठेवलं होतं, ते चंचुपात्र मी धुऊन कपाटाकडं घेऊन गेले. सर म्हणाले, "ते आता तुझ्याच घरी ने. कपाटात ठेवू नको."

मी ते दप्तरात घालून उड्या मारत घरी गेले. मला वाटलं, बक्षीस मिळालं. आबांनी ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चांगलं भांडं हाय. रेघा बी हायत त्याला."

आबांचं सगळं आयुष्य अशा बोलण्यात गेलं. जे वाट्याला येईल त्यात काहीतरी चांगलं शोधायचं आणि गप्प राहायचं.

आज मी बारामतीत एका दवाखान्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. लासुर्ण्याकडच्या आमच्या वस्तीतून हे काम शिकलेली मी पहिली. कॉलेजात पहिल्या आठवड्यात मॅडमनी फळ्यावर पडदा काढला, एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला औषधी पाणी. पडद्याला बारीक भोकं असतात. त्यातून रक्तातली घाण पलीकडं निघून जाते, रक्तपेशी अलीकडंच राहतात. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की हेच काम मशीनवर करायचं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. वर्गात बाकीचे माना खाली घालून लिहीत होते. मला मात्र व्हरांडा आठवला, आणि तळहातावरचं ते अंडं.

लोक मला भाषणात वापरायची वाक्यं ऐकवतात. रक्त सगळ्यांचं सारखंच असतं म्हणे. मी रोज बघते, सारखं नसतं. कुणाचं दाट, कुणाचं पाणचट, कुणाचं नळीत लगेच गोठणारं. ते सारखं आहे म्हणून माणसाला माणूस म्हणायचं असेल, तर ते म्हणणं मला नको. पडदा फक्त आकार बघतो. आडनाव माणसं बघतात.

तीन वर्षांपूर्वी आबांचीच मूत्रपिंडं गेली. ब्लडप्रेशर होतं, गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ द्यायचं ते बघणारा माणूस. जन्मभर दुसऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या. आता त्यांच्या स्वतःच्या पाण्यावर पाळी आली. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळं जास्त पाणी प्यायलं की ते अंगात साठतं, पाय सुजतात, छातीत चढतं, श्वास अडतो. दिवसाला किती प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं. आबांनी माळ्यावरून ते चंचुपात्र काढलं. सकाळी चारशेच्या रेघेपर्यंत, संध्याकाळी परत तेवढंच. रेघा होत्या ना त्याला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटेची एसटी धरून आबा यायचे आणि सातला मशीन नंबर तीनवर बसायचे. खिडकीजवळची जागा. अकराला ते उठले की बाराच्या पाळीला त्याच मशीनवर नानासाहेब यायचे.

नानासाहेब मोठे बागायतदार. कारखान्यात वजन, गावात वजन. एक दिवस ते दोन तास लवकर आले. आबांची नळी अजून चालू होती. नानासाहेब शेजारच्या स्टुलावर बसले आणि गोड आवाजात चौकशी सुरू केली. गाव कुठलं. आडनाव काय. आमचं आडनाव दोन-तीन जातींत सापडतं. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. मग त्यांनी विचारलं, "घर कुठं म्हणायचं? गावात का कालव्याकडंला?"

आबा म्हणाले, "कालव्याकडंला."

नानासाहेब "बरं बरं" म्हणाले. हसलेसुद्धा. जात हा शब्द कुणीही उच्चारला नाही. आता कुणी उच्चारत नाही.

पुढच्या फेरीला आमच्या विभागाच्या इनचार्ज सरांनी यादी बदलली. आबांच्या नावापुढं मशीन नंबर आठ.

आठ नंबर म्हणजे कोपऱ्यातली मशीन. मधे अर्धी भिंत, मशीनवर लाल पट्टी. ज्या रुग्णाच्या रक्तात 'ब' काविळीचा विषाणू असतो त्याच्यासाठी ती वेगळी ठेवतात, कारण हा आजार रक्तातून पसरतो. त्या मशीनवर बसणारा रुग्ण महिन्यापूर्वी पुण्याला गेला होता, म्हणून ती रिकामी होती. आबांना कावीळ नव्हती. त्यांच्या लसीचे सगळे डोसही पुरे झाले नव्हते. ज्याला आजार नाही त्याला त्या मशीनवर घ्यायचं नाही, हा आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेला नियम.

मी सरांकडं गेले. ते मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, मशीन धुतलेली आहे, काही होत नाही. मी म्हटलं, धोका असतो. ते म्हणाले, थोडा असतो. मग मान वर केली आणि म्हणाले, "ॲडजस्ट कर ना. नानासाहेब त्यांच्यानंतर त्या मशीनवर बसायला तयार नाहीत. तुझेच वडील आहेत, म्हणून तर त्यांना हलवलं. दुसऱ्या कुणाला हलवलं असतं तर भांडण झालं असतं."

मी गप्प बसले.

का गप्प बसले, ते सांगितलंच पाहिजे. आजूबाजूला सगळीकडं वेटिंग. इथली जागा गेली तर आबांना कुठं नेणार? दोन फेऱ्या चुकल्या तर माणूस राहत नाही. आणि नोकरी माझी. ही सगळी खरी कारणं. पण त्यांच्याखाली आणखी एक होतं. गप्प बसायची सवय. ती मी आबांकडूनच घेतली होती, त्या चंचुपात्रासारखी बिनबोभाट.

आबा आठ नंबरवर बसले आणि इकडं तिकडं बघून म्हणाले, "हितं निवांत हाय. वारं बी येतंय." तिथं वारा येत नाही, तिथं खिडकीच नाही. मी त्यांच्या डाव्या हातात दोन सुया लावल्या आणि मशीन चालू केली. कागदावर सही केली.

असं सहा वेळा केलं. दोन आठवडे, सहा फेऱ्या. सुई लावणारी मी. सही माझी.

आमच्याकडं सकाळच्या पाळीला एक मावशी येते. नवरा पाच नंबरवर असतो, ती निमगाव केतकीहून थर्मास भरून चहा आणते आणि सगळ्यांना अर्धा अर्धा कप देते. त्याहून जास्त कुणालाच चालत नाही. आबांना ती आधी कप द्यायची, म्हणायची वडीलधारं माणूस. लाल पट्टी बघून ती बिचकली. तिचा दोष नाही. ती पट्टी भिण्यासाठीच लावलेली असते. एक-दोनदा ती भिंतीपर्यंत येऊन परत गेली. बाकीचे रुग्णही आबांकडं वाकून बघायचे, आपसात बोलायचे. एकानं मला हळूच विचारलं की म्हाताऱ्याला ती वंगाळ कावीळ कुठनं लागली.

सहाव्या फेरीला मावशीला राहवलं नाही. ती थर्मास घेऊन आत आली. "आबा, च्या घ्या," म्हणाली. आबांचा डावा हात नळ्यांना जोडलेला. उजव्या हातानं त्यांनी पिशवीतून स्टीलचा कप काढला. घरून आणला होता, मला न सांगता. आणि तो कप त्यांनी खाली नेला. गुडघ्याच्याही खाली, पार पलंगाच्या कडेला. मान दुसरीकडं वळवली. तिनं वरून ओतावं, थर्मास कपाला लागू नये, म्हणून.

मावशीनं तसं सांगितलं नव्हतं. तिला ते कळलंही नाही. ती वाकून ओतायला लागली, तसा आबांनी कप आणखी खाली नेला.

हे त्यांना कुणी शिकवलं ते मला माहीत आहे. त्यांच्या लहानपणी गावातल्या हॉटेलाबाहेर कप असाच धरायचा असे. पुढं नोकरी लागली, साहेब लोकांच्या मांडीला मांडी लावून जेवले, मला शिकवलं, घर बांधलं. मला वाटलं होतं, ते सगळं मागं पडलं. कुठंच पडलं नव्हतं. हातात होतं. मी त्यांना त्या कोपऱ्यात बसवलं आणि हाताला सगळं आठवलं.

मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. लाज वाटली. नानासाहेबांची नाही, माझी. मग मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

घरी आबांशी काही बोलले नाही. शुक्रवारी सातला आबा आपणहून कोपऱ्याकडं निघाले. मी त्यांचा दंड धरला आणि तीन नंबरवर आणलं.

"पोरी, कशाला? मला चालतंय तितं."

"मला चालत न्हाय, आबा."

ते बसले. माझ्याकडं बघत राहिले. मी सुया लावल्या, मशीन चालू केली, मग कपाटातून त्यांची फाईल काढली. आमच्या प्रत्येक फेरीच्या कागदावर खाली एक रकाना असतो, 'मशीन बदलल्यास कारण'. सहा कागदांवर तो रकाना कोरा होता. खाली माझी सही. सहा कागद घेऊन मी इनचार्ज सरांच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, सर, कारण लिहून द्या, खाली सही करा.

ते म्हणाले, तूच लिही, तांत्रिक कारण. मी विचारलं, तीन नंबरमध्ये काय बिघडलं होतं? काही बिघडलं असेल तर नानासाहेबांना त्याच दिवशी दुपारी तिथं कसं बसवलं? ते म्हणाले, वाढवू नकोस. मी म्हटलं, वाढवत नाही, फक्त लेखी द्या.

ते लिहीनात. पेन त्यांच्या खिशाला होतं, मी माझंही पुढं केलं. तोंडानं किती सहज झालं होतं सगळं. एक हसू, एक "बरं बरं", एक "ॲडजस्ट कर". पण कागदावर ते कुणाच्या हातानं उतरत नव्हतं.

मग मी लिहिलं. त्यांच्यासमोर, उभ्यानं. सहाही कागदांवर तेच वाक्य. 'बाराच्या पाळीच्या रुग्णाने, घर कोणत्या वस्तीत आहे याची चौकशी केल्यानंतर, या रुग्णाची मशीन वापरण्यास नकार दिला. रुग्णास कावीळ नाही. लसीकरण अपूर्ण. मशीन नियमाविरुद्ध बदलली.' खाली लिहिलं त्या दिवसाची तारीख. फोटो काढून मी पुण्याहून येणाऱ्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना पाठवले. दुपारी त्यांचं उत्तर आलं, की त्या मशीनवर निगेटिव्ह रुग्ण घ्यायचा नाही, ताबडतोब तपासणी करा, लस पूर्ण करा. वस्तीबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही. वाचलं मात्र असणार.

त्याआधीच, सव्वाअकराला, नानासाहेब आले. आबांची नळी नुकतीच काढली होती, ते पलंगावर हात दाबून बसले होते. नानासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. इनचार्ज सरांना म्हणाले, "आपलं ठरलं व्हतं न्हवं?"

सर भिंतीकडं बघायला लागले. मी कागद नानासाहेबांपुढं धरला आणि म्हटलं, "नाना, कारण बरोबर लिव्हलंय का बघा. चुकलं असंल तर तुमच्या हातानं दुरुस्त करा."

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. सावकाश, शेवटपर्यंत. मावशी थर्मास हातात धरून उभी होती. त्यांनी कागद परत दिला, न दुरुस्त करता. गाडीत बसून निघून गेले. त्या दिवशी त्यांनी डायलिसिस केलं नाही.

सोमवारी ते अकरालाच आले. पोरानं आणि ड्रायव्हरनं दोन्हीकडून धरून आणलं. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, आडवं होता येत नव्हतं. पाच दिवसांचं पाणी छातीत चढलं होतं. आबा तेव्हाच तीन नंबरवरून उठले होते. नानासाहेबांनी मशीनकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. मग धापा टाकत मला म्हणाले, "लाव लवकर."

मी ऑक्सिजन लावला. डॉक्टरांना फोन केला. मशीन धुवायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. त्यांच्यासाठी एक मिनिट कमी केलं नाही, एक मिनिट जास्त लावलं नाही. तेवढा वेळ ते आबांच्या समोरच्या खुर्चीत वाकून बसले होते. आबांनी त्यांच्याकडं पंखा वळवला. ते बघून मला आबांचा राग आला, आणि आबा माझे आहेत याचं बरंही वाटलं. मग मी सुया लावल्या. पहिल्या झटक्यात, नीट. मला माझं काम येतं.

यातून नानासाहेब बदलले असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. ते बारालाच येतात, तीन नंबरवर बसतात, माझ्याशी बोलत नाहीत. आबांनी रामराम घातला तर डोळे मिटून घेतात. त्यांच्या पोरानं वरपर्यंत तक्रार केली. गेल्या आठवड्यात मला पत्र आलं. रुग्णाच्या कागदपत्रांत अनावश्यक मजकूर लिहून दुसऱ्या रुग्णाची बदनामी का केली, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा. आबांना हलवताना एक ओळ कुणी लिहिली नव्हती. माझ्यासाठी छापील कागद आला, शिक्क्यासह.

आबांची पहिली तपासणी निगेटिव्ह आली. तेवढ्यावर सुटका होत नाही. विषाणू शिरला असला तरी रक्तात दिसायला आठवडे लागतात, महिनेही लागतात. पुढची तपासणी व्हायची आहे, त्याच्या पुढचीही. तोवर मी रोज सकाळी उजेडात त्यांचे डोळे बघते, पिवळे दिसतात का. आबा म्हणतात, "काय बघती? मी हाय की बरा." धोका थोडाच होता, हे मलाही माहीत आहे. पण तो थोडा धोका कुणाच्या अंगावर टाकायचा, हे दर वेळी कुणीतरी स्टुलावर बसून, गोड आवाजात घर विचारून ठरवतं.

खुलासा मी काल लिहायला घेतला. आबा समोर बसले होते, चंचुपात्रातलं सकाळचं पाणी घोट घोट पीत. मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चंचुपात्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "कपाचं बी लिव्ह."

मी लिहिलं. कप कसा धरला, किती खाली धरला, ते लिहिलं. आठवीतला प्रयोगही लिहिला, कारण ती वही अपूर्ण राहिली होती. आणि सहा वेळा नियम माहीत असून सुई मी लावली, सही मी केली, हेही लिहिलं. ती ओळ काढ, नोकरी जाईल, असं दोघांनी सांगितलं. काढली नाही. नोकरी गेली तर त्याचंही कारण मी लेखी मागणार आहे.

आबांचा रिपोर्ट काय येईल ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात सुई आहे आणि पेन आहे. वस्ती विचारून कोपऱ्यात ढकललेल्या माणसाला त्या मशीनवर मी सातव्यांदा सुई लावणार नाही. माझ्या बापाला नाही, दुसऱ्या कुणाच्या बापालाही नाही.